आबांचे थेंब

१

शुद्ध आली तेव्हा रंभाजी पठारे यांना वाटलं, आपल्याला कुणीतरी खाटेला बांधून ठेवलंय. डाव्या हाताला सलाइन, उजव्या दंडाला प्रेशर मोजायचा पट्टा, आणि खाली लघवीची नळी. नळीचं दुसरं टोक खाटेच्या दांड्याला लटकवलेल्या पिशवीत. कूस बदलायला गेले तर नळीला ओढ बसली आणि डोळ्यांपुढे अंधारी आली.

"हलू नका आबा. कालपास्नं श्रीरामपूरच्या दवाखान्यात हाय तुमी."

पंकजा होती. थोरली लेक. तिने दाराकडे बघून घेतलं आणि वाकून कानाशी बोलली.

"तुमच्या सुनेनं तुमाला विष घातलं, आबा."

आबांना आधी ते कळलंच नाही. काल सकाळचं मात्र सगळं आठवत होतं. बेलापूरच्या घरात त्या दिवशी गडबड होती. धाकट्या तुषारच्या साखरपुड्याची बोलणी करायला पाहुणे यायचे होते. मुलगी पंकजाच्या नणंदेची. थोरली सून यशोधरा चौथा महिना चालू असताना पहाटेपासून झाडलोट करत होती.

आबांचं प्रोस्टेटचं दुखणं जुनं. त्यासाठी नगरच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या आणि जोडीला श्रीरामपूरच्या एका होमिओपॅथीवाल्याचे थेंब. थेंब संपले होते. तुषारला दोनदा सांगूनही त्याने आणले नव्हते. त्या सकाळी यशोधरा माजघरात आली ती बाटली घेऊनच.

"आबा, थेंब आलेत बघा. घ्या, म्हंजे पाहुण्यांसमोर सारखं उठायला नको."

गळ्याला तांबडा दोरा बांधलेली ती तपकिरी बाटली बघून आबांना बरं वाटलं होतं.

"मधे खाडा पडलाय," ते म्हणाले. "आज जरा जास्तच टाक."

तिने वाटीत पाणी घेऊन थेंब टाकले, बरेच टाकले. कडू, घशाला चरचरणारं. पण थेंब नेहमीच तसे लागायचे. मग काही वेळाने छाती धडधडायला लागली. इतकी, की कानात आवाज यायला लागला. लघवीला जावं म्हणून ते उठले. न्हाणीची चौकट हाताला लागली तेवढं आठवत होतं.

"कशावरून?" आबांनी विचारलं. जीभ जड झाली होती.

"कशावरून म्हंजे?" पंकजा म्हणाली. "आधी मांजरीवर करून बघितलं ना तिनं."

२

मांजर भिमाबाईची होती. भिमाबाई, म्हणजे आबांची बायको, चार महिन्यांपूर्वी गेली. मांजर मागे राहिली. भिमाबाईच्या अंथरुणात झोपायची सवय, ते अंथरूण गुंडाळल्यावर ती तुषारच्या खोलीत झोपायला लागली. यशोधराला ती नकोशी होती. दुधात तोंड घालायची. "मरत बी न्हाई एकदाची," असं यशोधरा ओट्यापाशी बोललेली सगळ्यांनी ऐकलं होतं. आणि महिन्याभरापूर्वी मांजर खरंच मेली. जखम नाही, काही नाही. दोन दिवस धापा टाकत कोपऱ्यात बसून राहिली आणि गेली.

तिसऱ्या प्रहरी हवालदार अमीर शेख आले. आबा एसटीत कंट्रोलर होते तेव्हा शेख स्टँडच्या चौकीवर असायचे. जुनी ओळख.

"काय कंट्रोलर साहेब! आयुष्यभर गाड्या वेळेवर सोडल्या, आन् आता ह्या पिशवीत सोडायला लागले?"

आबा हसले नाहीत. शेखांनी खुर्ची ओढली.

"डॉक्टरांनी आमाला कळवलंय. प्रेशर एकदम पडलं, तुमच्या नेहमीच्या गोळ्यांनी एवढं पडत न्हाई. म्हंजे काहीतरी दुसरं पोटात गेलं. रक्त पुढं तपासायला पाठवलंय, त्याला लई दिवस लागतील. तवर तुमचा जबाब."

"बाटली बघितली का?"

"ही काय," पंकजाने पिशवीतून तपकिरी बाटली काढून खाटेशेजारच्या लोखंडी कपाटावर ठेवली. वर होमिओपॅथीवाल्याचं छापील लेबल. "मी स्वतः त्या डॉक्टरला दाखवून आले. त्यानं वास घेतला, चाखली. म्हनाला, माझंच औषध हाय, ह्यानं कुनाला काय होत न्हाई. म्हंजे बाटलीत काय नव्हतं. वाटीत होतं. आन् वाटी हिनं लगेच घासून ठेवली."

"उष्टी वाटी घासू नको तर काय करू?"

आवाज दारातून आला. यशोधरा उभी होती, हातात पाण्याचा पेला. तिच्यामागे अंगद, आबांचा थोरला मुलगा, दूध डेअरीचा टेम्पो चालवणारा. तो जमिनीकडे बघत होता.

"घरात प्रेशरच्या गोळ्या कुनाच्या हाईत, सांग की साहेबांना," पंकजा म्हणाली.

"माझ्या हाईत. पोटुशी हाय म्हणून डॉक्टरीणबाईनं दिल्यात."

"आन् आबांच्या प्रोस्टेटच्या गोळ्या महिन्याच्या आधी कशा काय संपतात? तवाच आबांनी हिला विचारलेलं, गोळ्या जातात कुठं? आन् तुषारच्या लग्नानंतर म्होरली खोली त्याला द्यायची म्हटल्यावर ही काय बोललेली? 'आमाला काढायचंच असंल तर सरळ सांगा.' बोलली का न्हाई?"

यशोधरा पुढे आली. तिने पेला आबांसमोर धरला. पंकजाने तो तिच्या हातून घेतला आणि बेसिनमध्ये ओतला.

सगळे आबांकडे बघत होते. आबांच्या घशाला कोरड होती. पण ते गप्प राहिले.

शेख उठले. जाताना खाटेवर वाकून हळूच म्हणाले, "उद्या सकाळी येतो. नीट विचार करून बोला. तुमी नाव घेतलं की मला तिला घेऊन जावं लागंल. पोटुशी असली तरी."

३

आबांनी नोकरीत एक गोष्ट खूप केली होती. गाडीला काही झालं की ड्रायव्हर एक सांगायचा, कंडक्टर दुसरं, पॅसेंजर तिसरं. आबा तिघांना वेगवेगळं बसवून पुन्हा पुन्हा तेच विचारायचे. ओरडायचे नाहीत. इथे मात्र त्यांना जागचं हलता येत नव्हतं. खाटेपाशी जो येईल त्यालाच विचारायचं. आणि पंकजा तर खाटेपासून हलतच नव्हती.

शेवटी त्यांनी तिला शहाळं आणायला पाठवलं.

"यशोधरा, आत ये. बाटली कुठून आणलीस?"

"भावजींच्या खोलीतून. झाडताना फळीवर दिसली. वाटलं, आणून ठेवलीय आन् द्यायची विसरले."

"थेंबाशिवाय वाटीत काय टाकलंस?"

ती रडेल असं आबांना वाटलं होतं. ती रडली नाही.

"काय टाकीन? तुमी पडल्यावर मीच पहिली धावले, आबा. माझ्या वरडण्यानं गल्ली जमली. आन् वन्संनी दवाखान्यात पोचायच्या आधीच घोडेगावला माझ्या आईला फोन केला. 'तुमच्या लेकीनं माझ्या बापाला मारलं' म्हणून. माझ्या आईची च्याची टपरी बाजाराच्या तोंडावर. फोन तिथंच आला, चार गिऱ्हाइकांत. आता तिच्या टपरीवर कोन च्या प्यायला येईल?"

आबांनी अंगदला बोलावलं. "तुला काय वाटतं?"

"मला काय वाटनार आबा? एकीकडं तुमी, एकीकडं ती." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मला इचारू नका."

यशोधराने त्याच्याकडे बघितलं आणि बाहेर निघून गेली.

संध्याकाळी मोबाईलचं दुकान लवकर बंद करून तुषार आला. डोक्यावर नेहमीची टोपी, कपाळापर्यंत ओढलेली. तो खुर्चीच्या कडेवर बसला.

"वहिनी म्हणते, बाटली तुझ्या फळीवर होती."

"हो. मीच आणली होती तुमच्यासाठी." उत्तर झटकन आलं. "तीच ही. बघा की, तुमच्याच डॉक्टरची आहे."

"कधी आणलीस?"

"आदल्या दिवशी. द्यायची राहिली."

"मग वहिनीच्या हातून झालं म्हणतोस?"

तुषारने टोपी अजून खाली ओढली. "मी कुणाचं नाव घेतलेलं नाही, आबा." त्याचा आवाज बसला होता. "पण बाटलीत काही नव्हतं, एवढं खरं."

दोघांचं बोलणं जुळत होतं. बाटली तुषारने आणली, यशोधराने उचलली. मग उरला तो एकच हात. सकाळी शेख येणार होते. आबांनी छताकडे बघितलं. पंखा फिरत होता आणि वारा काही लागत नव्हता.

४

दिवेलागणीला डॉक्टर फलक फेरीला आल्या. तरुण, घाईघाईने बोलणाऱ्या. त्यांनी आधी यशोधराला हाक मारली.

"आजोबांच्या गोळ्या घरी तुम्ही काढून देता?"

"हां. आता कोन देईल काय ठाऊक."

"ते तुमचं तुम्ही बघा. पण तुम्हाला दिवस आहेत, म्हणून सांगते. ही प्रोस्टेटची गोळी अख्खी असेल तर ठीक. तुटलेली, चुरा झालेली असेल तर गरोदर बाईने हात लावायचा नाही. पोटात मुलगा असला तर त्याला त्रास होऊ शकतो."

यशोधराचा हात पोटाकडे गेला. "तुटलेली? मला केरात तुकडा सापडलेला, मॅडम. मी हातानं उचलून टाकला."

"एकदा हात लागल्याने काही होत नाही. घाबरू नका. पण यापुढे जपा."

"थांब," आबा म्हणाले. "तुकडा? मी गोळी अख्खी गिळतो. तोडत न्हाई. कुठल्या केरात?"

"भावजींच्या खोलीतल्या."

आबांनी तिच्याकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे. "ही गोळी कुनी तोडून कशाला खाईल?"

"केसांसाठी," डॉक्टर सहज म्हणाल्या. "हेच औषध पुरुषांच्या टकलासाठीही देतात, कमी ताकदीचं. प्रोस्टेटची गोळी मोठी असते. काही जण तीच आणतात आणि तिचे तुकडे करून खातात. करू नये. पण मोबाईलवर वाचतात आणि करतात."

गोळ्या जातात कुठं, ते आबांना कळलं. कपाळापर्यंतची टोपी. दोन ठिकाणची स्थळं मोडली होती. एका मुलीच्या आत्याने तोंडावर म्हटलं होतं, मुलगा तर मुलीच्या बापाच्या वयाचा दिसतो.

"त्या गोळीनं माझं प्रेशर पडलं असंल?"

"ती? छे. ती तर तुम्ही रोजच घेता."

"आन् हिच्या प्रेशरच्या गोळ्या? त्या वाटीत विरघळवल्या तर?"

यशोधराने मान वर केली. डॉक्टरांनी आबांच्या खाटेला अडकवलेला कागद काढून पुन्हा वाचला.

"तिच्या गोळीने हृदयाचे ठोके कमी होतात. तुम्हाला आणलं तेव्हा तुमचे ठोके धावत होते." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "तसं नाही जुळत. हे मी कालच लक्षात घ्यायला हवं होतं. तुमच्या पोटात तिची गोळी गेलेली नाही."

"मग काय गेलं?"

"ते मला माहीत नाही," डॉक्टर म्हणाल्या आणि कागद परत अडकवून पुढच्या खाटेकडे गेल्या.

५

रात्री अंगद खाली सतरंजीवर झोपला. यशोधराला घरी जायचा धीर होत नव्हता. ती बाहेरच्या बाकड्यावर बसून होती. पंकजा सकाळी येते म्हणून गेली होती.

आबांना झोप नव्हती. कुशीवर वळायचं नाही, पाय दुमडायचे नाहीत. समोर लोखंडी कपाट आणि त्यावर ती बाटली. बघायला दुसरं काहीच नव्हतं, म्हणून ते तिच्याकडे बघत राहिले.

भिमाबाईला वाचता येत नव्हतं. घरात तपकिरी बाटल्या बऱ्याच. तिचं गुडघ्याचं तेल, खोकल्याचं औषध. आबांच्या बाटलीला ती तांबडा दोरा बांधायची. बाटल्या आणल्या की आधी दोरा, मग फळी. शेवटच्या आजारपणातही तिने चार-पाच बाटल्या एकदम मागवून दोरे बांधून ठेवले होते. "मी नसले तर चुकीचं प्याल," म्हणाली होती. त्याच बाटल्या आजवर पुरल्या, आणि ती गेल्यावर त्यांतली रिकामी झालेली प्रत्येक बाटली आबांनी आपल्या खिडकीत ठेवली होती. ती असताना मात्र बाटली रिकामी झाली तरी टाकायची नाही. धुवून, दोऱ्यासकट, पत्र्याच्या पेटीत.

कपाटावरच्या बाटलीचा गळा मोकळा होता.

आबांनी डोळे बारीक केले. दोरा नव्हता. आणि त्या सकाळी यशोधराच्या हातात होता. त्यांनी स्वतः बघितला होता, म्हणून तर बरं वाटलं होतं.

"अंगद. ए अंगद. बायकोला आत बोलाव."

यशोधरा आत आली.

"तू मला थेंब दिलेस त्या बाटलीला दोरा होता?"

"व्हता की. असतोच."

"ह्या बाटलीला?"

तिने बाटली उचलून फिरवून बघितली. "न्हाई." मग हळूहळू तिचा चेहरा बदलला. "ही ती बाटली न्हाई, आबा."

अंगद उठून बसला. "दोरा सुटला असंल."

"सुटंल रे," आबा म्हणाले. "पन आधी हे सांग. भिमाबाईनं बांधलेल्या बाटल्या संपल्या. ही तिच्यामागची पहिली नवी बाटली. मंग त्या सकाळच्या बाटलीला दोरा बांधायला आली कोन?"

६

सकाळी शेख आले तेव्हा सगळे जमले होते. पंकजा, तुषार, अंगद. यशोधरा भिंतीला टेकून उभी. आबांच्या सांगण्यावरून डॉक्टर फलकही थांबल्या होत्या.

"घ्या जबाब," आबा म्हणाले. "पन लिहायच्या आधी मॅडमना एक इचारायचंय. मॅडम, केसांसाठी गोळीशिवाय दुसरं काय असतं? थेंबांसारखं? डोक्याला चोळायचं?"

"असतं. मिनॉक्सिडिल. ड्रॉपरनेच घ्यायचं असतं..." डॉक्टर बोलता बोलता थांबल्या. त्यांनी कपाळाला हात लावला. "ते मुळात प्रेशरचं औषध आहे. त्याच्या गोळीने केस वाढतात असं दिसलं म्हणून पुढे डोक्याला लावायला निघालं. पोटात गेलं तर प्रेशर झपकन पडतं आणि ठोके धावत सुटतात. तुमच्या वयात, तेही एवढं पोटात गेल्यावर..."

"कडू लागतं? चरचरतं?"

"त्यात दारूसारखं असतं. चरचरणारच."

"आन् मांजराला?"

"मांजराला फार वाईट. मी मांजरं पाळते म्हणून ठाऊक आहे. माणसाच्या डोक्याचं, उशीचं चाटलं तरी छातीत पाणी होऊन धापा टाकत मरतं."

"आमची मांजर ह्याच्या उशीवर झोपायची," आबा म्हणाले.

तुषार उठायला लागला. शेखांनी नुसता हात आडवा केला.

"बस. तू गोळ्या नेल्यास, तुकडे करून खाल्ल्यास. ते सोड. तुझ्या फळीवर जी बाटली होती ती भिमाबाईच्या दोऱ्याची, रिकामी झालेली. तिच्यात केसांचं औषध भरलेलं. कुनी खोलीत आलं तरी वाटावं, बापाचे थेंब हाईत. यशोधरालाही तेच वाटलं. मी पडल्यावर ती बाटली तू गायब केलीस आन् त्याच दिवशी धावत जाऊन खरे थेंब आनलेस. आदल्या दिवशी आनली म्हनतोस. साहेब इचारतील डॉक्टरला, बाटली कधी नेली."

तुषारने टोपी काढली. पुढचं डोकं मोकळं होतं, मधे बारीक लव उगवल्यासारखी. त्याने तोंड ओंजळीत धरलं.

"मला वाटलं तुम्ही वाचाल आणि सगळं मिटेल," तो म्हणाला. "वहिनीवर येईल असं नव्हतं वाटलं. आलं, मग... मग बोलता येईना."

"एक राहिलं," आबा म्हणाले. हे त्यांना बोलायचं नव्हतं. रात्रभर त्यांनी दुसरा रस्ता शोधला होता, आणि दर वेळी त्याच जागी येऊन थांबले होते. "भिमाबाईमागं रिकाम्या झालेल्या बाटल्या माझ्या खिडकीत हाईत, सगळ्याच्या सगळ्या. त्याच्या आधीच्या तिच्या पेटीत. पेटीला कुलूप. किल्ली तिच्या मातीच्या दिवशी एकीनं मागून घेतली. आईची आठवन म्हनून. तुषारला ती पेटी कधी उघडताच आली न्हाई."

पंकजाच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ती किल्ली होती. तिने ती मुठीत झाकली.

"तूच भरून दिलीस," आबा म्हणाले.

"दिली!" पंकजा फुटली. "माझ्या नणंदेला मी सांगितलेलं, पोराचे केस बरे होतायत. तिला घरात असली बाटली दिसली असती तर स्थळ मोडलं असतं, आन् माझं तिथलं जिणं अवघड केलं असतं तिनं. आबा, मला काय ठाऊक हे पोटात जाईल! तुमी पडलात, तुषारचा फोन आला, आन् मला भ्या वाटलं, आमचंच नाव निघंल. घोडेगावला फोन लावला आन् तोंडातून हिचं नाव निघून गेलं. मंग ते परत कसं घेऊ? एकदा बोलले, मंग रोज बोलावं लागलं."

"वन्सं," यशोधरा म्हणाली. "रोज न्हाई. दर घटकेला."

शेखांनी पेनाचं टोपण काढलं. "कंट्रोलर साहेब, काय लिहू? चुकीनं प्यालो एवढंच लिहिलं तरी चालंल. कुनीच अडकनार न्हाई."

पंकजा खाटेचा दांडा धरून उभी होती. पिशवी हलत होती.

"आबा, एवढंच लिहा," ती म्हणाली. "नणंदेला कळलं तर मला घरात ठेवणार न्हाईत."

"एवढंच लिहिलं," आबांनी यशोधराला विचारलं, "तर तुला चालंल?"

"चुकीनं कुनी दिलं, हे लोक इचारतील. आन् उत्तर त्यांना आधीच ठाऊक हाय."

आबांनी डोळे मिटले, उघडले. "लिहा साहेब. सगळं लिहा. नावासकट."

७

लिहून झालं, सह्या झाल्या. पंकजा भिंतीकडे तोंड करून बसली. तुषारला घेऊन शेख ती दुसरी बाटली शोधायला गेले. तुषारने ती दुकानामागे नालीत टाकली होती.

"आता घरी चल, पोरी," आबा म्हणाले.

"न्हाई, आबा." यशोधरा शांत होती. "साहेबांच्या कागदानं मी पोलिसातून सुटले. माझी आई कागद वाचत न्हाई. तिला टपरीवर तोंडानं सांगितलं गेलंय, चार मानसांत. तिथंच तोंडानं सांगायला पायजे. मी सांगून कोन ऐकनार? ज्याला विष घातलं म्हनतात त्यानं सांगावं."

"नळी आहे," डॉक्टर फलक म्हणाल्या. "उभं राहिलं की यांचं प्रेशर अजून पडतंय."

"कधी सोडाल?"

"उद्या बघू. नळी पंधरवडाभर राहणारच."

"मग नळीसकट," आबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अंगदने टेम्पो आणला. आबांना खाटेवरून उठवताना डॉक्टरांनी सांगितलं, आधी बसा, पाय खाली सोडा, डोकं फिरायचं थांबलं की मगच उभे राहा. आबा तसेच बसले. अंगदने काखेत हात घातला, आणि जाताना पहिल्यांदाच बायकोला म्हणाला, "म्होरं बस. मधे बस, हादरे कमी लागतील." ती मधे सरकून बसली.

घोडेगावचा बाजार भरलेला होता. गाई-म्हशींच्या दावणीच्या दावणी, धूळ, जनावरांचे सौदे करणारे हेडे, गाड्यांचे हॉर्न. बाजाराच्या तोंडाशी रंगुबाईची टपरी. दोन-तीन गिऱ्हाइकं होती, बाकी बाकडी रिकामी. रंगुबाईने लेकीला बघितलं आणि स्टोव्हचा आवाज बारीक केला. पुढे आली नाही.

आबा टेम्पोतून उतरले. एका हातात लघवीची पिशवी, दुसरा हात अंगदच्या खांद्यावर. आजूबाजूची माणसं बघायला लागली. आबांना लाज वाटली. पिशवी धोतराआड धरायला गेले तर नळी ओढली गेली, म्हणून तशीच धरली.

"जय भीम, रंगुबाई."

"जय भीम." तिने हाताची घडी घातली.

"तुमच्या लेकीनं मला काय बी घातलं न्हाई. माझ्या पोरानं केसांचं औषध माझ्या बाटलीत ठेवलेलं. भरून माझ्या पोरीनं दिलेलं. पंकजानं. आन् आळ हिच्यावर टाकला तो बी तिनंच. मी गप्प बसलो दोन दिवस. तो माझा गुन्हा."

रंगुबाई त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने एक लाकडी स्टूल ओढून त्यांच्या मागे सरकवलं.

"बसा, पाहुनं. उभ्यानं चक्कर येईल." आणि तोंड बाजाराकडे करून तिने हाक मारली. "ओ काकासाहेब! ओ नूरुद्दीनभाई! हिकडं या जरा. फोन आलेला तवा तुमीच होता न्हवं च्या पीत? आता ऐकून बी जा."

दोघं म्हातारे गर्दीतून वाट काढत आले. त्यांच्यामागे आणखी चार-पाच जण आले. यशोधरा टपरीच्या खांबाला धरून उभी होती.

"आता सांगा परत," रंगुबाई म्हणाली. "मोठ्यानं."

आबांनी घसा खाकरला. पहिल्यांदा सांगताना सोपं गेलं होतं, घाईत गेलं होतं. आता समोर माणसं होती. लेकीचं नाव तोंडाशी आलं आणि जरा अडलं. मग त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.